माघातले मानकरी

सुभेदार तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० ला, माघ वद्य नवमीच्या रात्री कोंढाण्यावर लढताना पडले. त्यात पुढच्या पिढ्यांची केवढी सोय झाली, हे पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला त्यांच्या समाधीपाशी उभं राहिलं की कळतं. माघ कोरडा. गवत वाळून पिवळं पडलेलं, दगडावरचं शेवाळ काळं होऊन आपोआप ऐतिहासिक दिसायला लागलेलं. मांडव घाला, स्पीकर लावा, गर्जना करा. पुढाऱ्याचा पांढरा लेंगा संध्याकाळपर्यंत पांढराच राहतो.

सुभेदार आषाढात पडले असते तर? चिखल, जळवा, कमरेएवढं रान आणि तोंडावर पावसाची झड. मानवंदनेला गावकरी आणि गुरंच उरली असती.

कोंढाण्यावरून त्यांचा देह पालखीतून मढे घाटानं खाली उतरवून इथे आणला. घाटाचं नाव त्यावरूनच पडलं, असं लोक सांगतात. एवढ्या उभ्या डोंगरातून ती पालखी आली, पण 'अभिप्रायार्थ सादर' असा शेरा पडून कुठल्या टेबलावर अडली नाही.

शेजारीच सुभेदारांबरोबर लढलेल्या वृद्ध शेलारमामांची समाधी. भाषणात मामांच्या वाट्याला दीड वाक्य येतं, त्यातलं अर्धं वयावर.

आता पुण्यात खडकीला चला. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून जास्त सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. हिरवळ अशी राखलेली की चपला हातात घ्याव्याशा वाटतात. साध्या शिपायाच्याही दगडावर नाव, पलटण, तारीख. राष्ट्रकुल युद्धकबर आयोग १९१७ पासून हाच उद्योग करतो. सदस्य देश आपापल्या कबरींच्या प्रमाणात वर्गणी भरतात, त्यात भारतही आहे. म्हणजे मेलेल्या शिपायाभोवतीचं गवत कापायला पैसे लागतात, हे आपल्या सरकारला तत्त्वतः मान्य आहे.

आपली रीत मात्र निराळी. बांधकामाला निधी असतो, देखभालीला 'लोकसहभाग' असतो. चौथरा, कमान, पेव्हर ब्लॉक, सगळ्यांची कोनशिला बसते. गवत कापल्याची कोनशिला कुणी बसवलेली मी तरी पाहिली नाही. आपले पूर्वजही याच वळणाचे. वीरगळावर चंद्र-सूर्य कोरायचे, म्हणजे ते असेपर्यंत या वीराची आठवण राहो. थोडक्यात, देखभालीचं खातं चंद्र-सूर्याकडे सोपवून मंडळी मोकळी. त्या रात्री कोंढाण्यावर सुभेदारांबरोबर पडलेल्या मावळ्यांची तर नावंच कुणी दगडावर लिहिली नाहीत, त्यामुळे ती पुसट होण्याची भीतीही नाही.

माझी एक नम्र सूचना आहे. माघातली पुण्यतिथी चालू द्या, भाषणंही होऊ द्या. फक्त आणखी एक कार्यक्रम भाद्रपदात ठेवा, टाकळा गुडघ्याला लागतो तेव्हा. मान्यवरांनी पुष्पचक्राऐवजी घरून कोयती आणावी. धार नसली तरी चालेल. ती उमरठमध्ये कुणीही लावून देईल.