बसला नारळ फुटत नाही

पुणे-हिंजवडी प्रवासासाठी कोणती सार्वजनिक वाहतूक योग्य, हे ठरवण्याचे शास्त्र आता चांगलेच प्रगत झाले आहे. भोळ्या माणसाला वाटते, तासाला किती माणसे जातील, किलोमीटरमागे खर्च किती, पावसात काय होईल, हे बघायचे असते. छे! बघायची ती भूमिपूजनयोग्यता.

या कसोटीत बस पहिल्याच फेरीत नापास. शंभर बस आणल्या तर फार तर हिरवा झेंडा दाखवता येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक त्यांत बसून 'पुढची कधी?' असे विचारू लागतात. इतक्या लवकर सुरू होणारा पर्याय कुणाला परवडेल? शिवाय कोनशिला लावायची कुठे, टपावर?

बीआरटीला, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेला, थोडे गुण मिळाले. 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर देशातला पहिला प्रयोग पुण्यानेच केला, कारण पहिले असणे हा आमचा पिढीजात धंदा. पण बसला रिकामी मार्गिका मिळालेली शेजारच्या मोटारवाल्याला बघवेना. मग त्यानेही मार्गिकेचे मूल्यमापन केले, आत घुसून.

पैकीच्या पैकी गुण मिळवले ते पुणे-मुंबई हायपरलूपने. 2018 मध्ये करार झाला, 25 मिनिटांत मुंबई! गर्दी नाही, तक्रार नाही, खिडकीच्या जागेवरून भांडण नाही. 2023 च्या अखेरीस करार करणारी कंपनीच बंद पडली, तरी सेवेत एका मिनिटाचाही खंड पडला नाही. बिचारी डेक्कन क्वीन 1930 पासून माणसे नेते-आणते आहे. तिच्यावर एवढे देखणे सादरीकरण कुणी केल्याचे ऐकिवात नाही.

राहता राहिली माण-शिवाजीनगर मेट्रो. 23 किलोमीटर, 23 स्थानके, भूमिपूजन डिसेंबर 2018. तिच्या वाटेत विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आला, तो 2020 च्या टाळेबंदीत पाडला. पूल बांधला तेव्हा चौक मोकळा होणार होता, पाडला तेव्हाही मोकळाच होणार होता, आणि त्या जागी दुमजली पूल ठरला तोही चौक मोकळा करण्यासाठीच. (या चौकाइतके आशावादी ठिकाण विद्यापीठाच्या आतही नसेल.)

मेट्रो हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण स्थानकात उतरल्यावर कंपनीच्या फाटकापर्यंत जायला पुन्हा बसच लागते, ही गोष्ट अहवालात बहुधा परिशिष्टात असते. आणि परिशिष्ट वाचायला वेळ कुणाला? हिंजवडीच्या आयटीवाल्याने तर मुखपृष्ठही न बघता दुचाकीचे हप्ते सुरू केले.

तेव्हा बसवाल्यांना आमची एक सूचना. तुम्हीही प्रत्येक नव्या बसमागे एक भूमिपूजन ठेवा. मंत्री येतील, मांडव पडेल, निधीही येईल. खड्डा खणायचा खर्च नाही, हिंजवडीच्या रस्त्यावर हवे तेवढे तयार आहेत. नारळ तेवढा घरून आणा.