गजाचा थरकाप

गायक घाबरला की खोकतो, पाण्याचा घोट घेतो, तानपुऱ्याच्या जवारीकडे संशयाने बघतो. तबलजीच्या हातात तर हातोडीच असते. भीती वाटली की तो ठोकत बसतो आणि श्रोते म्हणतात, सुराला काय पक्का माणूस आहे! व्हायोलिनवाल्याला मात्र लपायला जागा नाही. उजवा हात कापला की गज कापतो, आणि गज कापला की षड्जच थरथरतो. आमची भीती माइकमधून थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.

द्रुत लयीत हे सगळं खपून जातं. पंचाईत होते ती सुरुवातीच्या आलापात, एका गजात सा लांबवायचा असतो तेव्हा. गजाचा मधला भाग मुळातच उसळणारा. हात जरा डळमळला की त्याला तेवढं निमित्त पुरतं. डाव्या हाताची वेगळी कथा. सतारीला पडदे असतात, आमच्याकडे कोमल गंधार कुठे आहे हे बोटालाच ठाऊक असावं लागतं. त्यात घाम आला की मींड मध्येच अडते. म्हणून पावडरची डबी जवळ ठेवायची.

व्हायोलिनवादक विष्णु गोविंद जोगांनी तर बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईशेजारी मांडी घालून जुगलबंदी केली! त्यांचाही हात कधी कापला का, हे शोधायला मी त्या जुगलबंदीची ध्वनिमुद्रिका कान लावून ऐकली आहे. हेतू शुद्ध नव्हता. काही सापडलं नाही.

रियाजाने भीती जाते म्हणतात. माझा अनुभव उलटा. गणपतीत सोसायटीच्या मंचावर पोरंटोरं बिनधास्त वाजवतात, कारण काय काय चुकू शकतं हे त्यांना माहीतच नसतं. रियाजाने हात सुधारतो खरा, पण कान त्याच्या चार पावलं पुढेच असतो आणि मागे वळून नाक मुरडतो.

तरी रोज सकाळी बसतो. नुसता सा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याचाही उपयोग शोधलाय. "तुमचा तो एकच सूर सुरू झाला की मी भात टाकते," त्या म्हणाल्या, "थांबलात की गॅस बंद."

मंद्र पंचमाच्या तारेवर दाबलेला षड्ज अगदी नेमका लागला, तर शेजारची षड्जाची मोकळी तार गजाचा स्पर्श नसताना आपोआप घुमू लागते. केसभर इकडेतिकडे झालं की गप्प. तिच्याकडून शाबासकी मागून मिळत नाही, आणि ती कुणाची भीडही धरत नाही. परवा ती अशी काही घुमली की मला गज खाली ठेववेना. तोच सा, पुन्हा तोच सा. कार्यक्रम, पहिली रांग, घाम, काही आठवलं नाही.

दुपारी जिन्यात काकू भेटल्या. "आज काय झालं होतं हो तुम्हाला? भाताची पेज झाली!"