कूलरला किती गुण?

फ्रान्समध्ये २०२१ साली फोन, लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण छापू लागले, दहापैकी. वस्तू सहज उघडते का, सुटे भाग मिळतात का, यावरून. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले. आनंद आहे. पण परीक्षक मंडळींनी एकदा भर मे महिन्यात तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्याला यावे आणि तिथला लोखंडी कूलर तपासावा.

तीन ताट्या, एक पंखा, एक पंप, खाली टाकी. बस्स. ताटी उचलली की सारा संसार समोर. ताटीतले गवत कुजले, बदला. पंपात गाळ अडकला, जाळी काढून धुवा. मोटर जळली, रिवाइंडिंगवाला तार गुंडाळून देतो. टाकी गळते? डांबर फासा. धान निघाले की हाच पंखा खळ्यावर उडवणीला उभा करा. पत्रा पार सडला, तर कोंबड्यांचे खुराडे. याचा डिझायनर कोण, कुठल्या संस्थेत शिकला, कुणी विचारत नाही. बहुधा शिकला नसावा, म्हणूनच कूलर उघडतो.

आणि आपला फोन! बॅटरी चिकटवलेली, स्क्रू असे की घरातला पेचकस लाजावा. उघडला तर वॉरंटी गेली, नाही उघडला तर फोन गेला. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे, असा नियम लागू होतो आहे. केवढी ही क्रांती! जुन्या बटणांच्या फोनात ती नखाने निघायची.

तोवर काहीही विकत घेताना दुकानदाराला एवढेच विचारा : भाऊ, हे उघडते कुठून?