ओरिजिनल आहे काय ओ?

मी नवी गाडी घेतली त्या संध्याकाळी हार झाला, नारळ झाला, चाकाखाली लिंबं चिरडून झाली. गल्लीतल्या लोकांनी "रंग झकास" म्हणत पेढे उचलले. तेवढ्यात अण्णा आले. पेढ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. खिशातून रुमाल काढला, रुमालात गुंडाळलेलं चुंबक माझ्या कोऱ्या गाडीच्या दाराला लावलं. चिकटलं. बॉनेटला लावलं. चिकटलं. बंपरला लावलं, ते घसरून थेट माझ्या अंगठ्यावर पडलं.

"प्लॅस्टिक," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. पेशंटच्या नातेवाइकाला डॉक्टर बाजूला घेऊन सांगतात, तसे. "ह्याला पन्नास वर्षांनी कोण विचारणार बे?"

पन्नास वर्षांनी मला तरी कोण विचारणार आहे, हे मी बोललो नाही. अंगठा धरून बसलो होतो.

अण्णांची ओळख करून द्यायची गरज नाही. तुम्ही निपाणीत असा, टिळकवाडीत असा नाहीतर पुण्यात, तुमच्याही आळीत दारापुढे आडव्या लावलेल्या जुन्या गाडीचा एक मालक असतोच. वीस वर्षं लोक त्याला "हा डबा हलवा की ओ" म्हणत असतात. मग एके दिवशी कळतं, की असल्या डब्यांना लाखांनी भाव आलाय. त्या दिवसापासून गाडी होती तिथंच राहते, मालक मात्र वीतभर उंच होतो. कुणी भाव विचारला, तर उत्तर ठरलेलं: "विकायची नाही ओ. भाव बघूलालोय निस्ता."

चुंबकाचं शास्त्र असं. जुन्या गाडीचा पत्रा सडला की लबाड गॅरेजवाला भोकात पुट्टी भरतो आणि वरून झ्याक रंग मारतो. डोळ्यांना कळत नाही, चुंबकाला कळतं. पत्र्याला ते चिकटतं, पुट्टीवरून घसरतं. रुमाल रंगाला चरा पडू नये म्हणून. इथवर सगळं ठीक आहे. पण अण्णांचं चुंबक गाड्यांपाशी थांबलं नाही. लग्नात आहेराच्या पातेल्याला त्यांनी ते लावलं. चिकटलं, तसे खूश होऊन "ओरिजिनल!" म्हणाले. स्टीलच्या भांड्यात चिकटणं हा हलकेपणा समजतात, हे मुलीच्या मामानं त्यांना चारचौघांत ऐकवलं. माझ्या मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हे दवाखान्यात भेटायला आले, चौकशी केली, आणि ती डुलकी घेते आहे असं बघून पांघरुणावरून हळूच चुंबक टेकवलं. चिकटलं नाही. "मूळचं गेलं," असं म्हणून उठले. मावशी जागी होती. तिनं महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला.

बेळगावातलं आमचं शहापूरदेखील त्यांच्या मते ओरिजिनल आहे. शहापूर सांगली संस्थानचं, पटवर्धनांचं. बेळगाव इंग्रजांचं. "कॅम्प, क्लब, बंगले, ही सगळी नंतरची जोडणी," असं ते गोवावेसच्या अलीकडे उभं राहून पलीकडे हात करत सांगतात.

आता गाडी. ती 1955 ची फिएट इलेव्हन हंड्रेड, म्हणजे मराठी माणसानं जिला प्रेमानं 'डुक्कर फिएट' म्हटलं ती. गोल पाठ, फुगीर गाल, रस्ता हुंगत चालल्यासारखं नाक. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दार उलटं उघडतं. चालत्या गाडीत खटका सुटला, तर वारा ते दार लोटण्याऐवजी सताड उघडतो. अण्णांच्या वडिलांनी ती जुनीच घेतली. घरी माग होते. शहापुरी साड्यांचे गठ्ठे घेऊन डुक्कर निपाणी, कोल्हापूर करत असे. दसऱ्याला कोल्हापूरच्या महाराजांची मेबॅक बघायला अख्खं घर ह्याच गाडीतून जाई. "मेबॅकनं आमच्याकडं बघितलं होतं," असं अण्णा सांगतात. महाराजांनी नव्हे, मेबॅकनं.

फिएटवाल्या माणसाला फेरारीच्या भावाशी काय देणंघेणं, असा प्रश्न मी एकदा मूर्खासारखा विचारला. अण्णांनी मला कट्ट्यावर बसवून वंशावळ सांगितली. 1969 साली फिएटनं फेरारीचा अर्धा हिस्सा घेतला, म्हणजे फेरारी आमच्या घरात दिली. 2016 ला वाटणी झाली, फेरारी वेगळी निघाली, "पण चूल वेगळी झाली म्हणून रक्त बदलतंय काय?"

ह्या नात्यामुळेच 2018 च्या श्रावणातला तो सोमवार माझ्या लक्षात आहे. कपिलेश्वराच्या रांगेत मी बेल घेऊन उभा. मागून अण्णांचा हात खांद्यावर पडला.

"चार कोटी चौऱ्यांशी लाख!"

पुढचा माणूस गर्रकन वळला. त्याला वाटलं, देवळाची हुंडी मोजली.

"डॉलर," अण्णा म्हणाले. कॅलिफोर्नियात माँटेरेला शनिवारी रात्री 1962 ची फेरारी 250 जीटीओ लिलावात गेली होती. तेव्हाच्या दरानं 340 कोटी रुपयांच्या घरात. अण्णांनी हिशेब पाकिटावर मांडून आणला होता. गाभाऱ्यात हात जोडून त्यांनी काय मागितलं ते महादेवालाच ठाऊक, पण बाहेर येताना म्हणाले, "डुक्कर धुऊन घ्यायला पाहिजे."

2022 च्या मे महिन्यात तर त्यांनी गल्लीत कुंदा वाटला. कुणाची सून बाळंत झाली, म्हणून बायका विचारायला आल्या. काकू दारातून म्हणाल्या, "मर्सिडीज." श्टुटगार्टच्या संग्रहालयातली 300 एसएलआर कूपे, जगात दोनच बांधल्या त्यातली एक, कंपनीनं विकली होती. साडेतेरा कोटी युरोला. रुपयांत हजार कोटींच्या वर. त्या गाडीशी अण्णांचं दूरचंही नातं निघत नव्हतं. "भाव वाढला की सगळ्यांचा वाढतो ओ," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर दुसरा चमचा ठेवला.

आणि हे सगळं रात्री. अमेरिकेत दिवस, तेव्हा शहापुरात रात्र. 'ब्रिंग अ ट्रेलर' नावाच्या लिलावाचं काकूंनी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा त्यांना वाटलं नवरा उसाची ट्रॉली घेतोय, आणि त्या जरा सुखावल्या. निदान हंगामात भाड्यानं जाईल. ह्या लिलावात घड्याळ उलटं चालतं. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली वाढवली की काटा पुन्हा दोन मिनिटांवर येतो, त्यामुळे दोन मिनिटं चाळीस मिनिटं चालतात. टेक्सासचा एक आणि ओहायोचा एक भांडत असतात, आणि शहापुरात गंजिफ्रॉक घातलेला तिसरा "सोड की बे आता!" म्हणून ओरडतो. दोघांपैकी कोण सोडणार हे त्यांना आधी कळतं. एकदाही बोली न लावता ह्या माणसानं इतकी वर्षं जागून काढली. मुंबईच्या अ‍ॅस्टागुरूनंही जुन्या गाड्यांचे ऑनलाइन लिलाव सुरू केले, तेव्हा मला वाटलं, हे निदान दिवसा होतील, घरच्यांना झोप लागेल. पण अण्णांची सवय गेली नाही. ते दिवसाचेही बघू लागले, रात्रीचेही.

2021 साली सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नंबरमालिका काढली, मधे 'व्हीए' अक्षरं, वीस हजार रुपये फी. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. "बघ, सरकारसुद्धा तेच विचारूलालंय!" अण्णांनी अर्ज भरला. मग खालची ओळ वाचली. असली गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, देखभाल आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. अर्ज खणात गेला तो अजून खणातच आहे. पण उद्या द्यावा लागलाच, तर सवय असावी म्हणून अण्णा तेव्हापासून जिथं जातील तिथं पेट्रोल भरायलाच जातात. काकूंना दवाखान्यात नेलं, तरी सांगताना "पेट्रोल भरून आलो." शुक्रवारी भाजी आणली, पेट्रोल भरून आलो. एकदा एका मयताला जाऊन आले, तेव्हाही तेच सांगितलं. घरचे बघतच राहिले.

30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे गेली. पद्मिनी म्हणजे डुकराची धाकटी वारस. अण्णांनी त्या दिवशी दाढी केली नाही. दुसऱ्या दिवशी केली. म्हणाले, "आता भाव वाढणार."

असला माणूस सोसायचा कसा? मी आडून आडून टाळायला लागलो होतो. पण गेल्या दिवाळीत त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि त्यानं परस्पर गाडी एका लिलावात घालायचं ठरवलं. विकायची नाही, निस्ता भाव बघू, ह्याच बोलीवर अण्णा तयार झाले. तपासायला एक पोरगा आला. पाठीवर सॅक, हातात रंगाची जाडी मोजायचं यंत्र. अण्णांनी रुमाल सोडून चुंबक पुढं केलं. पोरानं यंत्र दाराला टेकवलं, आकडा वाचला, पुढं सरकला. चुंबक अण्णांच्या हातातच राहिलं.

मग तो बॉनेटमध्ये वाकला. बराच वेळ. "काका, इंजिन नंतरचं आहे. नंबर जुळत नाही."

मी अण्णांकडे बघितलं. ही बातमी त्यांना नवी नव्हती. मूळ इंजिन फुटल्यावर वडिलांनी कोल्हापुरात दुसरं बसवलं होतं. मडगार्डाखालचा पत्रा नवा होता. पुढच्या चाकांचे बुश उद्यमबागेतल्या लेथवर कातून घेतलेले. पोरगा एकेक वाचत गेला, अण्णा "व्हय, व्हय" म्हणत गेले. गल्लीभर ओरिजिनल विचारत फिरणाऱ्या माणसाला ती यादी तोंडपाठ होती.

"मूळ नोंदणीचं राज्य?" पोरानं पुढचा रकाना वाचला.

तो नवखा होता. बेळगावात हा प्रश्न विचारायचा नसतो, तो 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. गाडीची नोंद झाली तेव्हा हे मुंबई राज्य होतं. 1956 च्या 1 नोव्हेंबरला म्हैसूर झालं, 1973 च्या 1 नोव्हेंबरला कर्नाटक. डुक्कर दारातच होतं, राज्यंच येऊन गेली. पोरगा पेन धरून थांबला. "त्यातलं मूळ कुठलं लिहू?" अण्णा पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. कट्ट्यावरच्या दोघा-तिघांनी मात्र एकदम तोंडं उघडली, आणि पुढची पंधरा मिनिटं गाडी बाजूलाच राहिली.

शेवटी फोटो. डाव्या पुढच्या दाराच्या आतल्या मुठीपासून डॅशबोर्डाखालच्या पट्टीपर्यंत एक काठ बांधलेला आहे, साडीचा, तांबडा, मधून पिवळी रेघ. तवंदी घाट उतरताना एकदा ते उलटं दार वाऱ्यानं उघडलं, तेव्हा अण्णांच्या आईनं गठ्ठ्यातल्या साडीचा काठ टर्रकन फाडून बांधला होता. पोरगा म्हणाला, "हे काढूया. ओरिजिनल दिसत नाही." आणि गाठ सोडायला गेला.

"ती गाठ तुला सुटायची नाही," अण्णा म्हणाले. "मागावरची आहे."

खरंच सुटली नाही. फोटो काठासकट निघाले.

पोरगा गेल्यावर काकूंनी चहा दिला. मी म्हटलं, आईच्या हातचा काठ इतकी वर्षं टिकला म्हणजे कमालच. काकू हसल्या. "कुठला टिकतोय? पहिला कधीच कुजला. दुसरा माझ्या लुगड्याचा. हा तिसरा, मागावर शेवटचा तुकडा राहिलावता त्याचा."

मग त्यांनी सांगितलं. नोटाबंदीनंतरच्या उन्हाळ्यात माग विकले. चार होते. घ्यायला कुणी विणकर आला नाही, भंगारवाला आला. त्यानं मागाच्या एकेका भागाला चुंबक लावून बघितलं. चिकटेल ते लोखंड, ह्या ढिगात; न चिकटेल ते पितळ, त्या ढिगात. काटा लावला. मामंजींनी हप्ते फेडून घेतलेले माग किलोवर गेले, एका टेम्पोत मावले. संध्याकाळी कट्ट्यावर त्याचं चुंबक राहिलेलं दिसलं. अण्णा ते घेऊन खडेबाजारापर्यंत पळत गेले. टेम्पो गेला होता.

"त्या रात्रीपासून झोपत नाहीत बघा," काकू कप उचलत म्हणाल्या. "मोबाईल घेऊन बसतात."

लिलावाचा अर्ज अजून पुरा झालेला नाही. मूळ राज्याचा रकाना रिकामा आहे आणि त्याच्याखालचा, राखीव किमतीचाही. मुलगा पुण्याहून फोन करतो. काल मी विचारलं, "अण्णा, किंमत काय घातली?"

ते गाडीत बसत होते. काकू आधीच पुढं बसल्या होत्या आणि काठ पुन्हा आवळून बांधत होत्या. डुकरानं दोनदा खोकून सुरू व्हायला नकार दिला, तिसऱ्यांदा धरलं.

"पेट्रोल भरून येतो," अण्णा म्हणाले, आणि पंप सोडून वडगावच्या बाजूला वळले. जाता जाता खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझ्या गाडीच्या दाराला चुंबक लावलं. चिकटून राहिलं ते. आज सकाळी मी ते रुमालात गुंडाळून परत नेऊन दिलं.