घरपट्टी, पाणीपट्टी, शीतपट्टी

पेशवाईतल्या दप्तरांत रयतेवरील पट्ट्यांची जी कलमे आढळतात त्यांत लग्न केले म्हणून लग्नटका, पाट लावला म्हणून पाटदाम आणि म्हैस बाळगली म्हणून म्हैसपट्टी असे तपशील वाचून ज्या सुशिक्षित वाचकांना त्या काळच्या कारभाऱ्यांच्या कल्पकतेचे कौतुक वाटते आणि त्या काळच्या रयतेची कीव येते, त्यांनी येत्या चैत्रात आपल्या सदनिकेत एक वातानुकूलन यंत्र बसवून पाहावे, अशी आमची नम्र सूचना आहे. फरक इतकाच की त्या काळी वसुलीस येणारा कमाविसदार एक असे आणि पट्टी कशाबद्दल आहे हे निदान आधी कळत असे.

प्रारंभ मात्र अत्यंत सौजन्याने होतो. दुकानात थंडगार पाणी मिळते, बिनव्याजी हप्त्यांचा तक्ता मिळतो, यंत्रावरच्या ताऱ्यांचे माहात्म्य सांगितले जाते आणि ‘बसवणूक मोफत’ हे आश्वासन तर न मागताच मिळते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सरकारने या यंत्रावरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला आहे. म्हणजे जो कर तोवर मराठ्यांच्या चौथाईहूनही तीन टक्क्यांनी चढा होता तो स्वखुशीने चौथाईच्या खाली उतरला, आणि मुलूखगिरीच्या इतिहासात असे दृश्य विरळाच. करपूर्व तीस हजारांच्या यंत्रावर या औदार्यामुळे गिऱ्हाइकाचे तीन हजार रुपये वाचतात. या तीन हजारांवर वाचकांनी नजर ठेवावी.

यंत्र एक टनाचे घ्यावे की दीड टनाचे, या प्रश्नावर घरोघर दोन तट पडतात. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल तितकी उष्णता खोलीबाहेर काढणारे यंत्र ते एक टनाचे, असा हा हिशेब असून तो बर्फ विकून गबर होण्याच्या काळाची आठवण देतो. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ साली तळ्यांवरचा बर्फ कापून, तो ‘टस्कनी’ नावाच्या जहाजात भरून, आफ्रिकेला वळसा घालून सुमारे चार महिन्यांनी कलकत्त्यास उतरविला, आणि पुढे तसाच बर्फ साठविण्यासाठी मुंबईतही बर्फघर उभे राहिले. पण एवढ्या लांबून आलेल्या त्या बर्फासाठी कोणा गिऱ्हाइकाच्या भिंतीला भोक पाडावे लागल्याचे ऐकिवात नाही. आजचे तंत्र विलिस कॅरिअरने १९०२ साली प्रथम योजिले तेही ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी; दमट हवेने कागद फुगे आणि एकावर एक छापायचे रंग जागा सोडीत, म्हणून. कागदाच्या सुखाचा विचार माणसाच्या सुखाच्या आधी झाला, याचे आश्चर्य वृत्तपत्रात मजकूर लिहून पोट भरणाऱ्याने तरी करू नये.

आता मोफत बसवणुकीकडे वळू. आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त लेखापाल पुण्याच्या पश्चिमेस टेकडी पोखरून उभ्या केलेल्या एका संकुलात सातव्या मजल्यावर राहतात. हिशेबात एका पैशाची तफावत निघाली तर ज्यांनी उभ्या हयातीत रात्र रात्र दप्तरात काढली, अशा या सज्जनांच्या घरी ठरल्या दिवसाच्या तिसऱ्या दिवशी दोन तरुण अवजारांची पिशवी घेऊन आले, आणि एकाने शयनगृहाच्या भिंतीकडे, सोवळ्यातला आचारी परक्या चुलीकडे पाहतो तसे पाहिले.

“काका, पाइप कमी पडतोय.”

“खोक्यात दिलाय की.”

“तो तीन मीटर. तुमचा आउटडोअर मागच्या कट्ट्यावर जाणार. अजून पाच मीटर धरा.”

“पण इन्स्टॉलेशन फ्री लिहिलंय.”

“फ्रीच आहे, काका. पाइपाचे पैसे वेगळे.”

तांब्याची ती नळी साडेआठशे रुपये मीटर या भावाने लागल्यामुळे सरकारने सोडलेले तीन हजार रुपये चौथ्या मीटरच्या आतच संपले. पाचवा मीटर लेखापालांनी पदरचा घातला. तांबेपट्टीमागोमाग स्टँडपट्टी आली, कारण यंत्राचा बाहेरचा भाग ज्या लोखंडी घोडीवर बसतो ती खोक्यात नसते. मग पाणी वाहून नेणाऱ्या नळीची पट्टी. आणि मग आली भोकपट्टी. भिंत विटांची असती तर छिन्नी-हातोड्याने निभावले असते. पण अलीकडच्या बऱ्याच उंच इमारतींत मायवान नावाच्या साच्यात सबंध भिंतच काँक्रीटची ओततात, आणि तिला आरपार भोक पाडायचे तर हिऱ्याच्या कणांचे दात असलेले कोअर कटिंगचे यंत्र भाड्याने आणावे लागते. ज्या सदनिकेच्या रंगीत माहितीपत्रकात ‘प्रत्येक शयनगृहात एसी पॉइंट’ असे वचन होते, तिच्या मालकाला तो पॉइंट म्हणजे भिंतीतले एक बटण होते, नळी जाण्याची वाट नव्हे, हा खुलासा त्या दिवशी झाला.

या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. बाहेरचा भाग बसविण्यासाठी त्या दोघांपैकी धाकटा कमरेला दोर बांधून खिडकीतून बाहेर उतरला. दोराचे दुसरे टोक ग्रिलला बांधलेले होते आणि ग्रिल कशाला बांधलेले होते हे विचारण्याचे धैर्य कोणासही झाले नाही. या पराक्रमाबद्दल बिलात उंचीचे म्हणून जे पाचशे रुपये लागले तेवढी एकच पट्टी आम्हास न्याय्य वाटली. आणि नेमकी तीच ज्याने उंची अनुभवली त्याच्या हाती न जाता ठेकेदाराकडे जमा होते, असे त्या मुलानेच चहा पिताना सहज सांगितले.

विद्युत्पट्टीचा मजकूर थोडक्यात आटोपू. सोळा अँपिअरचे सॉकेट, तिथपर्यंत फळीपासून स्वतंत्र जाड तार, तिच्यावर एमसीबी आणि वोल्टेजच्या लहरी सांभाळण्यास स्टॅबिलायझर एवढे झाल्यावर यंत्र सुरू झाले, आणि खरी वसुलीही तेव्हाच सुरू झाली. तासाला सरासरी एक युनिट आणि रात्रीचे आठ तास धरले तरी महिन्यास २४० युनिटे वाढतात, आणि शंभराच्या आत सुखाने नांदणारा गृहस्थ ३०१ ते ५०० च्या चढ्या दराच्या टप्प्यात पाऊल टाकतो. त्या देयकावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशी मंडळी ओळीने उभी असतात आणि सर्वांच्या मागे सोळा टक्के वीज शुल्क. म्हैसपट्टी लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाती हे देयक पडते तर त्याने ते आपल्या फडातलेच समजून निःशंक मनाने शिक्कामोर्तब केले असते.

वाचक विचारतील, एवढा खटाटोप मुळात का? तर त्याचे उत्तर त्या पोकळ टेकडीवर आहे. देशावरच्या जुन्या माणसाने माळवदावर हातभर पांढरी माती घातली, भिंती दोन हात रुंद धरल्या, चौक उघडा ठेवला. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून लोकांनी वैशाख काढला, आणि त्याच ताट्या पत्र्याच्या पेटीत बसवून कूलर केला. नव्या इमारतीच्या शिल्पकाराने भिंत पंजाएवढी केली, पश्चिमेला तक्तपोशीपर्यंत काच लावली, समोरासमोरच्या खिडक्या रद्द केल्या आणि या सर्वांतून जी बचत झाली ती कोणाकडे गेली हे आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते घरातल्या माणसांना परत करते. तेव्हा लेखापाल महाशय हप्त्याहप्त्याने जे फेडीत आहेत ते यंत्राचे मोल नसून बांधणाऱ्याने न बांधलेल्या भिंतीचे मोल आहे. त्यांच्या खतावणीत मात्र ते ‘गृहोपयोगी वस्तू’ या सदरी पडले आहे, आणि जन्मात प्रथमच त्यांच्या हातून खर्च चुकीच्या खाती गेला आहे.

सोसायटीच्या परवानगीचे प्रकरण अद्याप मिटलेले नाही. खोलीतून उपसलेली उष्णता कोठेतरी टाकावी लागते, आणि लेखापालांच्या यंत्राची पाठ सहाव्या मजल्यावरच्या प्राध्यापकांच्या खिडकीवर येत असल्यामुळे ती तेथे पडते. सोबत ठिबकणारे पाणी त्यांच्या तुळशीवर. प्राध्यापकांनी पोटनियमांचा आधार घेऊन दोन पानी तक्रारअर्ज दाखल केला. कार्यकारी समितीने त्यावर बैठक घेऊन, उभयपक्षांचे ऐकून, प्रत्येक बाहेरच्या यंत्रामागे दोन हजार रुपये अनामत आणि तीही ना-परतावा घ्यावी, असा ठराव एकमताने मंजूर केला. प्राध्यापकांनी त्याच संध्याकाळी ती अनामत भरली. त्यांचे यंत्र दोन टनांचे असून ते येत्या गुरुवारी येत आहे.