आप्पांच्या बोग्या

पाचोडला रेल्वे नाही. तरी आप्पांच्या मोसंबीच्या बागेत रोज संध्याकाळी पाच-सहा बोग्या निघतात. "आज किती, आप्पा?" असं बीड रोडवरच्या हॉटेलात कुणी विचारलं, की आप्पा मान खाली घालून आकडा सांगतात. कारण बोगी म्हणजे ठरल्यापेक्षा एक फेक जास्त लागणं. एवढं समजायला गावाला अख्खा पावसाळा लागला.

पोराकडं अमेरिकेला सहा महिने राहून आलेला माणूस लपत नाही. कुणी काळीपिवळीत बसल्यावर पट्टा शोधतो, कुणी चहा देणाऱ्या पोराला 'थँक यू' म्हणून घाबरवतो. दोन-तीन महिन्यांत ताप उतरतो. आप्पांचा उतरला नाही. हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. तिकडून येताना मिक्सर नाही, सेंट नाही, धोतरात गुंडाळून तीन चकत्या घेऊन आला.

झालं असं, की पोरगा-सून कामावर गेले की तिकडं आप्पांना बोलायला भिंतच. चालत चालत ते पासाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह बागेत पोचले. आता तिचं नाव हाहामोंग्ना. हे नाव आप्पा तीन वेळा म्हणून दाखवतात, आणि दर वेळी कुणीतरी हसतंच. डिस्क गोल्फचं, म्हणजे चकती फेकून खेळायच्या गोल्फचं, पहिलं कायमचं मैदान म्हणतात ते हेच, साल १९७५. ओकची जुनी झाडं, वर डोंगर, एक फेक उतारावर तर दुसरी झाडांच्या बोळातून. शेजारी नासाची जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळा. "तिकडं ते मंगळावर यान सोडायचे, इकडं मी ही सोडायचो," आप्पा सांगतात. यान बहुधा नेमक्या जागी पोचतं, हे ते सांगत नाहीत.

आणि मुख्य म्हणजे खेळायला तिकीट नव्हतं! हे सांगताना आप्पांचा आवाज हलतो. अमेरिकेत जाऊन एक पैसा न देता अठरा ठिकाणी नेम धरायला मिळणं, यापलीकडे पेन्शनरला काय हवं?

पाचोडला आल्यावर त्यांनी वेल्डिंगवाल्याला कामाला लावलं. बोअरचा जुना पाइप, सायकलच्या दोन रिंगा, बैलाच्या साखळ्या आणि खाली जाळीची टोपली. चकती साखळ्यांवर आदळायची आणि टोपलीत पडायची. "कामून एवढा खर्च? खांबाला लागली की झालं," वेल्डिंगवाला म्हणाला. त्यावर आप्पांनी एड हेड्रिकची कथा लावली. फ्रिस्बी नीट उडावी म्हणून तिच्या पाठीवर गोल रेघा पाडणारा तो हा गृहस्थ. या खेळासाठी पहिल्यांदा त्यानंही नुसते खांबच ठेवले होते. पण लागली, नाही लागली, यावरून रोज वाद. म्हणून साखळ्यांची टोपली निघाली.

पण वाद आप्पांची पाठ सोडत नाही. मैदान नऊच टोपल्यांचं, पण देखणं: पहिली विहिरीकडून लिंबाकडे, दुसरी मोसंबीच्या दोन ओळींमधून, चौथी थेट गल्हाटीच्या कोरड्या पात्रात, सहावी कडब्याच्या गंजीवरून पलीकडे, न दिसणारी. पाचवी मात्र बांधालगत. उजव्या हातानं साधी फेकलेली चकती वेग मंदावला की शेवटी डावीकडं वळते, आणि डावीकडं चुलतभाऊ राहतो. तलाठ्याच्या नकाशातला बांध सरळ आहे. आप्पांची चकती नाही. त्यात अंबिया बहाराची फळं धरलेली असताना एकदा चकतीनं चार मोसंब्या पाडल्या. "फळगळ आधीच हाय, आता तुमची हाय," चुलतभाऊ म्हणाला, आणि मोसंब्या आणि चकती दोन्ही घरी घेऊन गेला. सरपंच मध्ये पडले तेव्हा चकती आली. मोसंब्या नाही आल्या.

आप्पा एकटेच खेळतात असं मात्र नाही. शाळा सुटल्यावर पाच-सात पोरं येतात, आणि खरं सांगायचं तर आप्पांपेक्षा बरी फेकतात. क्रिकेटची फिल्डिंग करून हात बसलेले. आप्पांना ते खुपतं. मग ते खेळ थांबवून इतिहास सुरू करतात. हेड्रिक २००२ साली वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकात मिसळून चकत्या काढल्या, हे त्यांनी एकदा सांगितलं. पोरं गप्प झाली. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या गड्यानं तंबाखू मळत विचार केला. "म्हंजे आपण पैठणला गंगेत सोडतो, त्ये हवेत सोडतेत," तो म्हणाला. "पर आप्पा, झाडावर अडकल्यावर मुक्ती कशी मिळायची?"

आप्पांकडं याचं उत्तर नव्हतं. त्यांची निळी चकती त्या वेळी लिंबावरच होती.

तीनपैकी दुसरी चकती विहिरीत गेली, ती पाणी आटल्यावर निघेल. उरली पांढरी, जवळून टोपलीत टाकायची. परवा संध्याकाळी ती शोधत आप्पा पडवीतून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात गेले. मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो.

"अहो, ती माझी पांढरी कुठंय?"

"दुधावर झाकलीय," काकू आतून म्हणाल्या. "निवल्यावर घ्या."