अधांतरी वन बीएचके

सह्याद्रीत उघड्यावर झोपणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. कितीही झाडून, चाचपून, रांगून जागा साफ केली तरी एक दगड राहतोच. कॅरीमॅट अंथरेपर्यंत तो दिसत नाही, पाठ टेकेपर्यंत टोचत नाही, आणि रात्री दीडच्या सुमाराला बरोबर माकडहाडाखाली उगवतो. पंचविशीत त्याचं काही वाटत नाही. चाळिशीत माणूस कूस बदलून त्याला चुकवतो. पन्नाशी जवळ आली की जमिनीचाच नाद सोडतो आणि हॅमॉकच्या चौकशा करू लागतो.

"हॅमॉक घेतोयस की सिस्टीम?" आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधल्या जाणकारांनी विचारलं.

मी म्हटलं, "हॅमॉक." त्यावर दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि तिसऱ्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. बैठक लांबणार हे माझ्या लक्षात आलं.

हॅमॉक म्हणजे खरं तर अकरा फुटांचं नायलॉनचं कापड. दोन्ही टोकांना चुण्या, चुण्यांतून दोरी. संपलं. किंमतही अशी की माणूस म्हणतो, एवढंच ना? पुण्यात फ्लॅट बघायला गेलेल्यांना हे 'एवढंच ना' चांगलं ओळखीचं आहे. होर्डिंगवर एक आकडा असतो. ऑफिसात पंख्याखाली बसवून पाणी दिलं की त्या आकड्याला पार्किंग चिकटतं, क्लबहाउस चिकटतं, स्टॅम्प ड्यूटी, जीएसटी आणि आगाऊ मेंटेनन्स चिकटतो. हॅमॉकचं कापड हा निव्वळ कार्पेट एरिया. टांगायचे पट्टे वेगळे. छप्पर हवं तर टार्प वेगळा. डास नकोत तर जाळी वेगळी. आणि फरशी? हो, फरशीसुद्धा वेगळी. या सगळ्या वेगळ्यांची बेरीज म्हणजे सिस्टीम.

मूळ गिऱ्हाइकांना ही भानगड नव्हती. 1492 मध्ये कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तिथले लोक सुती जाळ्यांमध्ये झोपताना त्याला दिसले. पण ते घरात झोपत होते. छप्पर आधीचंच होतं. पुढं युरोपातल्या खलाशांनी ही कल्पना उचलली, तीही जहाजाच्या पोटात, म्हणजे पुन्हा छपराखाली. ब्रिटिश आरमारात एका खलाशाला टांगायला जागा मिळे चौदा इंच. सकाळी हॅमॉक गुंडाळून डेकच्या कडेनं रचून ठेवत, म्हणजे लढाईत शत्रूच्या बंदुकीच्या गोळ्या त्यात अडकायच्या. खलाशी मेला तर त्याच्याच हॅमॉकमध्ये शिवून, पायाशी तोफेचे गोळे बांधून, समुद्रात सोडून देत. शय्या, ढाल आणि कफन, सगळं एकाच कापडात. याला मी सिस्टीम म्हणायला तयार आहे. आमच्या ग्रुपमध्ये जिला सिस्टीम म्हणतात तिच्यात नुसत्या पिशव्याच सतरा असतात, आणि त्या पिशव्या ठेवायला एक मोठी पिशवी.

घोळ सुरू झाला तो हॅमॉक घराबाहेर काढल्यावर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या सैनिकांना जंगल हॅमॉक दिला. त्याला वर छत आणि बाजूंनी जाळी शिवलेली होती. म्हणजे माणूस घराबाहेर पडला आणि कापडाला घर शिवत बसला. तेच शिवणकाम अजून चालू आहे, फक्त आता ते ग्रॅममध्ये मोजतात.

आमच्यात एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पायाभरणी त्याच्याकडं. पहिली चाचणी सोसायटीच्या बागेत, कडुलिंब आणि सप्तपर्णीच्या मध्ये. मी पट्टे बांधले आणि हॅमॉक खेचून चांगला ताठ केला. तो ओरडला, "सैल सोड! झाडं मुळासकट बोलावतोयस का?"

मग त्यानं तिथंच, लिंबोळ्यांच्या सड्यावर, काडीनं त्रिकोण काढला. पट्टा आडव्या रेषेशी तीस अंशाचा कोन करत असेल, तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर प्रत्येकी माणसाच्या वजनाइतका ताण येतो. माझं वजन आपण ऐंशी किलो धरू. (त्यानं धरलं, मी हरकत घेतली नाही.) म्हणजे इकडं ऐंशी, तिकडं ऐंशी. कोन दहा अंशांवर आणला की प्रत्येक बाजूला साधारण 230 किलो. पाच अंशांवर 460 च्या आसपास. थोडक्यात, हॅमॉक जितका नीटनेटका, ताठ आणि दिसायला देखणा, तितका तो पट्ट्यांच्या आणि झाडांच्या जिवावर उठलेला. एवढ्यासाठी वर एक रिजलाइन बांधतात. हॅमॉकच्या लांबीच्या 83 टक्के, म्हणजे अकरा फुटीला साधारण नऊ फुटांची दोरी. ती असली की झाडं जवळ असोत की लांब, हॅमॉकचा झोल रोज सारखाच राहतो.

"आणि डोंगरावर कोन मोजायचा कशानं?"

"हातानं. अंगठा वर, पहिलं बोट समोर, पिस्तूल धरल्यासारखं. अंगठ्याच्या टोकापासून बोटाच्या टोकापर्यंतची रेघ बघ. पट्टा तिला समांतर आला की झाले तीस अंश, अंदाजे."

मी एक डोळा मिटून कडुलिंबावर पिस्तूल रोखलं. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून सेक्रेटरींनी विचारलं, "काका, झाड तोडायला महापालिकेची परवानगी काढलीय ना?"

आत शिरून सरळ झोपलो तर पाठीची कमान झाली आणि गुडघे उलट्या दिशेला वाकू बघू लागले. सरळ नाही झोपायचं, तिरकं झोपायचं, असं कळलं. डोकं मध्यरेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. मग कापड आपोआप सपाट होतं. आणि खरंच होतं! त्या क्षणी मला विकत घ्यायचा मोह झाला नसता तर मी माणूसच नव्हे. दगड नाही, मुंग्या नाहीत, खालून फुरसं सरपटत गेलं तरी आपल्याला त्याचं काही नाही. फक्त सकाळी बूट झटकून घालायचे.

पण मग फरशीचा विषय निघाला.

स्लीपिंग बॅगेची ऊब तिच्यातल्या फुगलेल्या पिसांत कोंडलेल्या हवेची असते. आपण अंगाखाली ती पिसं चेपतो, हवा निघून जाते, आणि पाठीखाली उरतं पातळ कापड. त्याखालून वारा मोकळा फिरतो. वीस अंशांच्या आल्हाददायक हवेतसुद्धा माणूस वरून घामाघूम आणि खालून गारठलेला राहतो. यावरचा उपाय म्हणजे अंडरक्विल्ट. ही रजई हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगायची, म्हणजे आपण तिच्यावर झोपत नाही आणि ती चेपली जात नाही. कल्पना हुशारीची आहे. किंमतही हुशारीचीच आहे. घरी हा खर्च मांडला तेव्हा बायको आत गेली आणि सासूबाईंच्या हातची गोधडी घेऊन आली. "अहो, ही न्या. खालून बांधा, वरून घ्या, मध्ये धरा. गार लागायची नाही." गोधडी तीन किलोंची होती. तिच्यासाठी एक स्वतंत्र मावळा लागला असता.

दरवाजाचा प्रश्न त्याहून अवघड. डास पातळ कापडातून खालूनही चावतात, म्हणून कापड दुहेरी हवं. वरून जाळी हवी. आणि जाळी शिवलेली असली की आत जायचं कुठून? हेनेसी कंपनीच्या जुन्या रचनेत खालच्या बाजूला फट असते. माणसानं खालून डोकं घालायचं, बूड टेकवायचं, पाय वर ओढून घ्यायचे. वजनानं फट मिटते. वॉरबॉनेट कंपनीच्या ब्लॅकबर्ड हॅमॉकला बाजूनं चेन असते, शिवाय पायांसाठी वेगळी जागा आणि चष्मा ठेवायला कापडी फळीसुद्धा. एकाचे भक्त दुसऱ्याच्या भक्तांशी आमच्या ग्रुपवर रात्री बारापर्यंत भांडत असतात. माझा मुद्दा साधा होता: पहाटे चारला, थंडीत, घाईत, बाहेर पडायला सोपं कोणतं? त्यावर ग्रुपवर बराच वेळ शांतता पसरली. ते सगळे पन्नाशीच्या अलीकडचे आहेत.

राहिलं छप्पर. टार्पच्या कापडांत तीन पंथ. सिलनायलॉन स्वस्त आणि चिवट, पण भिजलं की सैलावतं, आणि रात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. सिलपॉली फारसं सैल पडत नाही. डायनीमा हलकं, पाणी न पिणारं, ताठच्या ताठ. फक्त किंमत ऐकून गिऱ्हाईक सैलावतं. शिवाय पाणी झाडाच्या खोडावरून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून थेट बिछान्यात येतं, ते अडवायला टार्पच्या आतल्या बाजूला पट्ट्याला बुटाची एक नाडी बांधायची. पाणी नाडीवरून खाली टपकतं. अख्ख्या सिस्टीममध्ये फुकट मिळणारी वस्तू ही एकच.

मात्र हे सगळे टार्प वरून पडणाऱ्या पावसासाठी बेतलेले आहेत. आमच्या पावसाला असलं बंधन नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो तो एका दिशेनं कोसळत नाही. नाणेघाटात तर पावसाळ्यात धबधबाच उलटा, कड्यावरून खाली जाण्याऐवजी वाऱ्याबरोबर वर उडतो. तिथं टार्प डोक्यावर बांधायचा की हॅमॉकच्या खाली, हे कोणत्याही माहितीपत्रकात दिलेलं नाही. त्याच घाटात सातवाहनांच्या काळातलं लेणं आहे, राणी नागनिकेच्या शिलालेखाचं. भिंतींना लागून दगडी बाक आहेत. खडक खोदणाऱ्यांनी छप्पर, फरशी आणि बैठक एकदाच करून टाकली. देखभाल दोन हजार वर्षं शून्य.

आणि आता प्लॉट. एवढं सगळं घेतल्यावर विक्रेता शेवटी हसून सांगतो, बारा ते पंधरा फुटांवरची दोन झाडं तेवढी तुमची तुम्ही बघा. आमच्या गडांचे माथे बोडके. जिथं मुक्काम करायचा तिथं झाड नाही, आणि जिथं झाडी दाट आहे तिथं अभयारण्य आहे, म्हणजे वनखात्याची परवानगी आली. देवराईत तर झाडाची काडी उचलायची नाही असा देवाचा दंडक. तिथं पट्टे काढायचा धीर मला तरी होणार नाही. भीमाशंकरला झाडंच झाडं आहेत, पण तिथलं शेकरू एकटं अनेक घरटी बांधून बसलेलं असतं. एवढ्या प्रॉपर्टीवाल्यापुढं आपण काय भाडेकरू म्हणून उभं राहायचं? सावर दिसायला सरळसोट, पण तरुण असेल तर खोडभर काटे. पांगाऱ्याचं तेच. वाळलेल्या फांदीचं झाड नको, कारण फांदी कधी पडेल ते ती कळवत नाही. कोकणात माडांच्या जोड्या मनासारख्या अंतरावर मिळतात. नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही, असं तिथले लोक छातीठोकपणे सांगतात. ते चालत्या माणसाचं झालं. खाली आडव्या टांगलेल्या माणसाला नारळ माणसात धरतो की नाही, याची खात्री कुणी देत नाही. त्यापेक्षा किनाऱ्यावरचं सुरूचं बन बरं. पडलं तर सुरूचं बोंड पडेल. पट्टे मात्र निदान इंचभर रुंद हवेत. बारीक दोरी सालीत रुतते, आणि झाडाचं पुनर्वसन कुणी करत नाही.

या बाजारात फिरून माझं एक मत बनलं आहे. जाळी शिवलेला, छत जोडलेला, सगळं एकात असलेला देखणा हॅमॉक आपल्याकडं घेऊ नये. तो दोन झाडांवर इतका विसंबून असतो की झाडं नसली तर तो महागडा रुमाल ठरतो. हॅमॉक निवडताना माहितीपत्रकातली निवांत संध्याकाळ बघायची नसते. बोडक्या माथ्यावर वारा सुटला असताना पिशवीतल्या वस्तू काय कामाच्या, एवढंच बघायचं. सुटा टार्प असेल तर दोन काठ्यांवर उभा करून त्याखाली पाच जण बसतात आणि पिठलं शिजतं. सुटी जाळी गुहेतही टांगता येते. कॅरीमॅट हॅमॉकमध्ये घातली तर अंडरक्विल्टचे निम्मे पैसे वाचवते, सरकते खरी, पण जमिनीवर उतरल्यावर आपलं मूळचं काम मुकाट्यानं करते.

म्हणून कुणी विचारलं तर मी खरेदीचा क्रम सांगतो. आधी टार्प. मग चांगली जाड कॅरीमॅट. मग जाळी. मग रुंद पट्टे, कारण ते गाडीच्या टपावर सामान बांधायलाही चालतात. आणि एवढं करून पैसे, झाडं आणि बायकोची संमती उरली, तर शेवटी हॅमॉक. दुकानात हा क्रम सांगितला तेव्हा विक्रेत्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "साहेब, मग तुम्हाला तंबूच दाखवू का?"